पट्टायाचं बिल: बंदी असलेला धंदा इतका उघड्यावर चालतो तरी कसा

पट्टायाच्या कुठल्याही बीअर बारमध्ये काउंटरला बसलात की समोर एक छोटा कप येतो, लाकडी नाहीतर प्लॅस्टिकचा, ऑफिसात पेनं ठेवायला असतो ना तसाच. त्यात गुंडाळलेली चिठ्ठी. काही मागवलं की अजून एक चिठ्ठी खोचतात, अजून मागवलं की अजून एक, आणि उठायच्या वेळी कप उलटा करून सगळ्याची बेरीज. मी दोन वर्षांपूर्वी एका ग्रुपबरोबर गेलो होतो, ग्रुपमधले निम्मे लोक घरी 'कॉन्फरन्स आहे' सांगून आलेले, त्यामुळे पहिली रात्र त्यांची खुसुरफुसुर ऐकण्यातच गेली, कप काही नीट बघितला नाही. दुसऱ्या रात्री बघितला. आणि तेव्हा लक्षात आलं की या शहराबद्दल आपण जे गावगप्पांमध्ये ऐकतो त्यापेक्षा त्या कपातल्या चिठ्ठ्या जास्त सांगतात.

चिठ्ठीवर तीनच प्रकारच्या ओळी येतात. एक म्हणजे तुमची बीअर. दुसरी 'लेडी ड्रिंक', म्हणजे शेजारी बसून बोलणाऱ्या मुलीला तुम्ही पाजलेलं ड्रिंक, हे तुमच्या बीअरपेक्षा महाग असतं आणि ग्लास बघाल तर एवढूसा, कारण तुम्ही त्यातल्या दारूचे पैसे देतच नाही आहात, तिच्या वेळेचे देताय आणि त्यातला ठरलेला वाटा तिला मिळतो. आणि तिसरी ओळ 'बारफाइन'. या तिसऱ्या ओळीत सगळी गोम आहे.

आपल्याकडे सर्रास समज असा की थायलंडमध्ये हे सगळं लीगल आहे. नाहीये. वेश्याव्यवसायावर तिथे १९६० पासून बंदी आहे, फील्ड मार्शल सरित थनारात यांच्या लष्करी राजवटीत तो कायदा आला. आता गंमत बघा, सहाच वर्षांत, १९६६ ला, दुसरा एक कायदा आला 'करमणुकीच्या जागां'चा, त्यात नाचगाण्याचे हॉल, गिऱ्हाइकाजवळ बसून सरबराई करणाऱ्या बायका असलेले बार, आंघोळ-मसाजची ठिकाणं यांना रीतसर लायसन्स मिळायला लागलं. म्हणजे एका हाताने दार बंद केलं आणि दुसऱ्या हाताने खिडकीला परवाना दिला. मग १९९६ ला पहिला कायदा रद्द करून नवा आणला, तो आजही चालू आहे, आणि त्यातले आकडे शांतपणे वाचले की पट्टाया असं का दिसतं ते कळतं.

उघडपणे गिऱ्हाईक बोलावणाऱ्या बाईला दंड जास्तीत जास्त १,००० बाथ, म्हणजे अडीच हजार रुपयांच्या आसपास. सज्ञान बाईकडे गेलेल्या गिऱ्हाइकाला या कायद्यात शिक्षाच नाही. पण जो माणूस असा धंदा चालवतो, मालक असो नाहीतर मॅनेजर, त्याला ३ ते १५ वर्षं कैद आणि वर ६०,००० ते ३,००,००० बाथ दंड. आता तुम्ही बार मालक आहात असं समजा. तुम्ही काय कराल? सेक्स सोडून बाकी सगळं विकाल. बीअर विका, ड्रिंक विका, गप्पा विका, आणि मुलगी गिऱ्हाइकाबरोबर बाहेर निघाली तर 'आमची कर्मचारी ड्युटी सोडून चालली, आमचं नुकसान होतंय, ते भरून द्या' म्हणून पैसे घ्या. हाच बारफाइन. कागदावर ती कर्मचाऱ्याच्या सुट्टीची भरपाई. त्यापुढे ते दोघं कुठे जातात, काय ठरवतात, किती पैसे देतात, तो दोन सज्ञान माणसांचा खासगी मामला, बारचा त्याच्याशी काही संबंध नाही. एखाद्या चांगल्या वकिलाने बसून लिहावं इतकं सफाईदार आहे हे, आणि गावातल्या जवळजवळ प्रत्येक बारमध्ये तीच पद्धत.

अर्थात नुसत्या शब्दांच्या खेळावर एवढं मोठं शहर चालत नाही, मध्ये हप्ते असतात. २००३ साली चुवित कमोलविसित नावाच्या बँकॉकच्या मसाज पार्लर सम्राटाने, स्वतःवर केस झाल्यावर चिडून, आपण पोलिसांना किती आणि कसे पैसे देत होतो ते जाहीरपणे सांगायला सुरुवात केली होती. लोकांना धक्का वगैरे काही बसला नाही, उलट माणूस इतका फेमस झाला की पुढे खासदार झाला.

बरं, हे गाव मुळात असं नव्हतं. चोनबुरी प्रांतातलं, बँकॉकपासून साधारण दीडशे किलोमीटरवरचं मासेमारीचं खेडं, अर्धचंद्रासारखा किनारा, समोर को लान बेट, एवढंच. बदललं ते व्हिएतनाम युद्धामुळे. अमेरिकेला विमानं ठेवायला जागा हवी होती आणि थायलंडच्या लष्करी सरकारला अमेरिका हवी होती, मग पट्टायाच्या दक्षिणेला चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर उतापाओचा मोठा हवाई तळ उभा राहिला आणि १९६७ पासून तिथून बी-५२ बॉम्बर उडायला लागले. साठच्या दशकाच्या शेवटी शेवटी थायलंडमध्ये पन्नास हजाराच्या आसपास अमेरिकन सैनिक होते. शिवाय व्हिएतनाममध्ये लढणाऱ्या प्रत्येकाला वर्षाच्या ड्युटीत काही दिवसांची 'आर अँड आर' म्हणजे आराम आणि मौजमजेची सुट्टी मिळायची, त्यासाठी १९६७ ला दोन्ही सरकारांमध्ये चक्क करार झाला. विशी-बाविशीतली पोरं, खिशात डॉलर, हातात पाच-सात दिवस, आणि परत कुठे जायचंय ते माहितीये. त्यांच्यासाठी बार उघडले, बारसाठी मुली आल्या, मुलींसाठी खोल्या, लाँड्र्या, शिंपी, टॅक्स्या. अशी साखळी लागत गेली.

१९७५ ला सायगाव पडलं, म्हणजे युद्ध संपलं, १९७६ ला अमेरिकन सैन्य थायलंडमधून निघालं. आता खरं तर बाजार उठायला हवा होता ना? पण हॉटेलं बांधून झालेली, कर्जं घेऊन झालेली, बायका कामाला लागलेल्या, हायवे झालेला, मग गिऱ्हाईक तेवढं बदललं. सैनिकांच्या जागी जर्मन, ब्रिटिश, जपानी टुरिस्ट आले, सरकारलाही परकीय चलन हवंच होतं. १९७८ ला पट्टायाला वेगळ्या कायद्याने खास शहराचा दर्जा मिळाला, १९८७ ला 'व्हिजिट थायलंड' वर्ष साजरं झालं. पुढे रशियन आले, चायनीज ग्रुप आले, आणि आता आपण. नोव्हेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसा लागेनासा झाला आणि २०२४ या एका वर्षात २० लाखांहून जास्त भारतीय थायलंडला जाऊन आले.

वॉकिंग स्ट्रीटवर याचा परिणाम लगेच दिसतो. दक्षिण टोकाचा हा रस्ता संध्याकाळी गाड्यांना बंद होतो, मग बाली हाय धक्क्यापर्यंत नुसती माणसं आणि निऑन, आणि त्यात अधूनमधून पंजाबी गाणी वाजवणारे खास इंडियन क्लब, दाराशी 'आइए सर' म्हणणारे पोरं. आपल्याला तिथे 'खेक' म्हणतात, या शब्दाचा अर्थ पाहुणा, पण वापरतात तो भारतीय आणि अरब दिसणाऱ्या लोकांसाठी, आणि कसा म्हणतात त्या सुरावर तो मान आहे की टोमणा ते ठरतं. गोऱ्यांसाठी 'फरांग'. आपली इमेज तिथे काय आहे? खरं सांगायचं तर फार चांगली नाही. सहा जण मिळून एक बीअर, फुकट फोटो, न विचारता व्हिडिओ, आणि घासाघीस. सगळेच तसे नसतात हे मान्य, पण आमच्याच ग्रुपमधल्या एकाने एका मुलीच्या तोंडासमोर मोबाईल धरला तेव्हा तिने हात आडवा घालून जे बघितलं ना, ते मला अजून आठवतं, मी त्याला ओढत बाहेर आणला आणि मग हॉटेलपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही.

आता त्या मुलींबद्दल, कारण आपल्या गप्पांमध्ये एकतर 'मजा करतात' नाहीतर 'बिचाऱ्या' या दोनच कॅटेगरी असतात. बहुतेक जणी इसानच्या. इसान म्हणजे थायलंडचा ईशान्य भाग, देशाची साधारण एक तृतीयांश लोकसंख्या तिथे, बोली लाओसच्या भाषेसारखी, शेती पावसावरची, भाताचं एकच पीक, आणि कर्ज. उदोन थानी, बुरीराम, खोन केन, उबोन, बारमध्ये गाव विचारलं की हीच नावं फिरून फिरून येतात. कित्येकींचं एक लग्न मोडलेलं असतं, मूल गावी आजीपाशी, आणि आई-बापाला सांभाळायची जबाबदारी तिकडे लेकींवर बऱ्यापैकी असते, धर्म म्हणूनही आणि रीत म्हणूनही. फॅक्टरीत किमान वेतनावर राबून जे उरतं त्यातून घर चालत नाही, शिक्षण कमी, वय तिशीकडे झुकलेलं, मग गावातलीच कोणीतरी मैत्रीण म्हणते चल माझ्याबरोबर. कोणी पकडून आणलेलं नसतं बहुतेकींना, पण समोर चार चांगले रस्ते होते आणि त्यातून हा निवडला असंही नसतं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि हे पचवायला आपल्याला जड जातं.

दुपारी चार-पाचच्या सुमाराला सोय बुआखावसारख्या गल्लीतून चक्कर मारलीत तर दिव्यांच्या आधीचं पट्टाया दिसतं. मुली चेहऱ्यावर मेकअप नसताना, केसांना क्लिप लावून, गाडीवरचं सोम तम म्हणजे कच्च्या पपईचं तिखटजाळ सॅलड आणि हाताने गोळा करून खायचा चिकट भात, एकाच ताटाभोवती चार-पाच जणी बसून खातायत, मोठमोठ्याने हसतायत. मग बारच्या कोपऱ्यातल्या छोट्या देव्हाऱ्यापुढे उदबत्ती लावतात आणि लाल रंगाच्या सोड्याची स्ट्रॉ घातलेली बाटली ठेवतात. मग आरसे बाहेर येतात.

पगाराचं म्हणाल तर मूळ पगार तुटपुंजा, त्यावर ड्रिंकचं कमिशन, बारफाइनमधला वाटा. उशीर झाला की कापतात, सुट्टी घेतली की कापतात, कित्येक ठिकाणी महिन्याला इतके ड्रिंक झालेच पाहिजेत असा कोटा असतो आणि भरला नाही तर परत कपात. सगळ्यांवर नजर ठेवणारी ती 'मामासान', बरेचदा हेच काम करून वर चढलेली बाई. आता हा साधा कामगार कायद्याचा विषय आहे की नाही? कुठल्याही हॉटेलात असं कापलं तर तक्रार करता येईल. पण इथे तक्रार करायची म्हणजे आपण काय काम करतो ते सरकारी कागदावर लिहून द्यायचं. 'एम्पॉवर' नावाची या बायकांचीच संस्था १९८५ पासून हेच सांगतेय की बंदीचा कायदा मालकाला नाही, आम्हाला मुका करतो. २००६ ला त्यांनी चियांग माईमध्ये स्वतःचा 'कॅन डू' नावाचा बार काढला, ठरलेले तास, सुट्ट्या, विमा, सगळं नियमात बसवून, दाखवायला की हे असंही चालू शकतं. पट्टायात 'स्विंग' ही संस्था काम करते, त्यांच्याकडे पुरुष आणि ट्रान्सजेंडर वर्करही येतात.

ट्रान्सजेंडर म्हणजे तिकडच्या भाषेत 'कथोय', टुरिस्ट 'लेडीबॉय' म्हणतात. पट्टायाचा टिफनी शो १९७४ पासून चालू आहे, तो कॅबरे आहे, गाणी-नाच-पिसं, आणि आपले लोक फॅमिलीसकट बघून येतात. याच शहरात २००४ पासून ट्रान्स महिलांची आंतरराष्ट्रीय सौंदर्यस्पर्धाही होते. स्टेजवर टाळ्या भरपूर, पण ओळखपत्रावर लिंग बदलून मिळत नाही, त्यामुळे नोकरीच्या अर्जात 'मिस्टर' लिहिलेलं आणि समोर उभी बाई, मग स्टेज नाहीतर बार. २३ जानेवारी २०२५ पासून समलिंगी लग्नाला मान्यता मिळाली, ओळखपत्राचं मात्र आहे तिथेच आहे.

आता मला स्वतःला या सगळ्यात सगळ्यात भारी वाटणारा भाग, एड्सचा. १९८९ च्या पाहणीत चियांग माईच्या कुंटणखान्यांतल्या तब्बल ४४ टक्के बायका एचआयव्ही बाधित निघाल्या. चव्वेचाळीस. सरकारपुढे प्रश्न असा की जो धंदा कायद्याने अस्तित्वातच नाही त्याला नियम कसे लावायचे? त्याच वर्षी राचाबुरी प्रांतात डॉ. विवत रोचनापितायाकोर्न यांनी एक साधी युक्ती काढली. एका बाईने काँडोमचा आग्रह धरला तर गिऱ्हाईक शेजारच्या दारात जातं, म्हणून प्रांतातल्या सगळ्याच्या सगळ्या ठिकाणी एकाच वेळी सक्ती करायची, काँडोम सरकार फुकट देणार, आणि गुप्तरोग झालेला पुरुष सरकारी दवाखान्यात आला की त्याला विचारायचं, कुठे गेला होतास बाबा? एकाच ठिकाणाचं नाव सारखं यायला लागलं की त्या मालकाला बोलावणं, तरी ऐकलं नाही तर टाळं. म्हणजे ज्या जागा कागदावर नव्हत्या त्यांचे पत्ते आरोग्य खात्याकडे व्यवस्थित होते!

१९९१ ला हे देशभर लागू झालं. मेचाई वीरवैद्य नावाचा मोठा वल्ली माणूस तेव्हा मंत्री होता, त्याने रेडिओ-टीव्हीवर एड्सची माहिती सतत वाजवायला लावली, काँडोम फुगवायच्या स्पर्धा घेतल्या, लोक काँडोमला गमतीने 'मेचाई' म्हणायला लागले. त्याच्या 'कॅबेजेस अँड काँडोम्स' रेस्टॉरंटची शाखा पट्टायातही आहे. नव्या लागणी १९९१ मध्ये १,४३,००० च्या आसपास होत्या त्या २००३ पर्यंत १९,००० वर आल्या. नीतिमत्तेची भाषणं बाजूला ठेवून प्लंबरसारखं गळती कुठे आहे ते बघितलं की काय होतं त्याचं हे उदाहरण, आणि तरी गंमत म्हणजे कायदा काही कोणी बदलला नाही.

दोन गोष्टींवर मात्र कुठलाही गोलमाल नाही. पहिली म्हणजे वय. १८ च्या आतल्या व्यक्तीसाठी गिऱ्हाइकालाही तुरुंग: १५ ते १८ वयासाठी १ ते ३ वर्षं, १५ च्या आत २ ते ६ वर्षं, हे एका कायद्याचं झालं, १५ च्या आतल्यांसाठी बलात्काराची कलमं वेगळी लागतात आणि ती खूप जड आहेत, तिची 'संमती होती' याला तिथे काही अर्थ नाही. आणि परत आलो म्हणजे सुटलो असंही नाही, अमेरिकेने २००३ च्या कायद्याने परदेशात केलेल्या अशा गुन्ह्यांसाठी आपल्या नागरिकांना घरी खेचायची सोय पक्की केली, भारतीय न्याय संहितासुद्धा भारतीय नागरिकाने परदेशात केलेल्या गुन्ह्याला लागू होते. दुसरी गोष्ट मानवी तस्करी, कागदपत्रं काढून घेऊन, कर्जात अडकवून आणलेल्या बायका, त्यात शेजारच्या देशांतल्या बऱ्याच. २००८ ला थायलंडने वेगळा कायदा केला, तरी २०१४ ला अमेरिकेच्या तस्करी अहवालात देश सगळ्यात खालच्या पायरीवर घसरला, २०१६ ला जरा वर आला. इथे पण तीच अडचण, जबरदस्तीने ठेवलेली आणि स्वतः आलेली या दोघी एकाच बेकायदा खोलीत असतात, धाड पडते तेव्हा पोलीस दोघींना एकाच गाडीत घालतात, आणि मग जिला सुटका हवी असते तीपण पोलीस दिसले की पळते.

धाडींचंही एक वेळापत्रक असतं बरं का. २०१७ च्या सुरुवातीला एका ब्रिटिश टॅब्लॉइडने पट्टायाला जगाची सेक्स राजधानी वगैरे म्हटलं, लगेच वॉकिंग स्ट्रीटवर धाडी, फोटो, आणि असलं काही आमच्याकडे चालतच नाही असं स्टेटमेंट, मग रस्त्यालाच 'हॅपी झोन' असं नाव. पुढे? डिसेंबर २०२३ पासून सरकारनेच पट्टायासकट काही टुरिस्ट भागांत क्लब पहाटे चारपर्यंत उघडे ठेवायला परवानगी दिली.

हा डोलारा किती पातळ खांबांवर उभा आहे ते कोविडमध्ये दिसलं. २०१९ ला जवळपास चार कोटी परदेशी टुरिस्ट आलेला देश, एप्रिल २०२० मध्ये बीच रोडवर कुत्रीसुद्धा नाहीत. सरकारने महिना ५,००० बाथ मदत जाहीर केली पण अर्जात कामधंदा लिहायचा होता, आणि हा धंदा तर अस्तित्वातच नाही, मग कोणी 'वेट्रेस' लिहिलं, कोणी 'फेरीवाली', कोणी भरलाच नाही. स्विंगवाले जेवणाची पाकिटं वाटत फिरत होते. बऱ्याच जणी इसानच्या बस पकडून गावी गेल्या. पुन्हा बंद झालेले नाइटक्लब रीतसर उघडले ते १ जून २०२२ ला, आणि बसा उलट्या दिशेने भरून यायला लागल्या.

आमच्या शेवटच्या रात्री मी एकटाच एका कोपऱ्यातल्या बारवर बसलो, दोन बीअर, आणि समोर बसून फळीतल्या खाचांत सोंगट्या टाकायचा खेळ खेळणाऱ्या चाळिशीच्या बाईसाठी दोन लेडी ड्रिंक. सात डाव खेळलो, सातही हरलो, तिने मुलाचे कॉलेजच्या युनिफॉर्ममधले फोटो दाखवले, बुरीरामला असतो म्हणाली. मग मी बिल मागितलं, तिने कप उलटा केला, चिठ्ठ्या पसरल्या, कॅल्क्युलेटर माझ्याकडे फिरवला. मी नोटा ठेवल्या, तिने मोजल्या, सुटे आणून दिले. मला ती चिठ्ठी आठवण म्हणून ठेवायची होती, हात पुढे केला तर तिने हसत मान हलवली, चारही चिठ्ठ्या एकत्र धरून दोनदा फाडल्या, काउंटरखालच्या डब्यात टाकल्या आणि रिकामा कप पुसून शेजारी नुकत्याच बसलेल्या म्हाताऱ्या फरांगपुढे ठेवला.